तळ्यापर्यंत न पोहोचलेली गाडी

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर टाउइन नावाचं एक लहान गाव आहे. तिथल्या वॉर्फ स्थानकातून समुद्राकडे पाठ करून एक छोटी आगगाडी निघते आणि ओढ्याकाठच्या हिरव्या दरीतून वर वर चढत जाते. दोन रुळांमधलं अंतर सव्वादोन फूट, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा जेमतेम तीन इंच जास्त. सव्वासात मैल, साधारण पावणेबारा किलोमीटर चढून गेल्यावर नान्ट ग्वेर्नॉल नावाच्या अरुंद घळीत तिचे रूळ संपतात. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल ओढा, आणि पुढे वाट नाही.

या गाडीचं नाव टालिल्लिन रेल्वे. 'ल्लिन' म्हणजे तळं. पण सबंध प्रवासात तळं कुठेच लागत नाही.

तळं आहे, नाही असं नाही. काडेर इड्रिस या डोंगराच्या पायथ्याशी ते लांबट, शांत पाणी पसरलेलं आहे. मात्र गाडीच्या मार्गावरचं अबरगुनोलविन हे खाणकामगारांचं गाव मागे टाकून आणखी तीन मैल गेल्यावर ते दिसतं, आणि तिथवर रूळ कधी गेलेच नाहीत. १८६५ पासून ही गाडी ज्या ठिकाणाचं नाव मिरवते आहे, तिथे ती एकदाही पोहोचलेली नाही.

नाव मोठं गोड आहे. वेल्श भाषेतल्या दोन 'ल'चा उच्चार आपल्याकडे नाही. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवायचं आणि दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची, की तो ध्वनी निघतो. 'टाल' या शब्दाचा जुना अर्थ कपाळ. त्यावरून पुढची बाजू, टोक असे अर्थ आले. टालिएसिन हा वेल्सचा प्राचीन कवी, त्याच्या नावाचा अर्थ 'तेजस्वी कपाळाचा'. म्हणजे टालिल्लिन हा झाला तळ्याचा माथा, तळ्याचं टोक. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. जगाच्या दोन कोपऱ्यांतल्या दोन छोट्या गाड्यांच्या नावांत माथाच असावा, या योगायोगाचं मला फार अप्रूप वाटतं.

रेल्वेला हे नाव कशावरून पडलं, याची दोन स्पष्टीकरणं दिली जातात. एक सरळ तळ्याकडे बोट दाखवतं. दुसरं म्हणतं की तळ्याकाठच्या चर्चच्या नावाने ओळखला जाणारा टालिल्लिनचा परगणा पार या दरीपर्यंत पसरलेला होता आणि गाडीचं वरचं टोक त्याच्या हद्दीत येत होतं, म्हणून ते नाव. मला दुसरं अधिक पटतं. ज्यांनी ही रेल्वे बांधली त्यांचं तळ्याशी काहीच काम नव्हतं. त्यांना डोंगरातला पाटीचा दगड समुद्रापर्यंत आणायचा होता. तळं होतं एका दिशेला, गिऱ्हाईक होतं दुसऱ्या. आणि त्यांना या डोंगरात आणलं होतं कापसाने.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला. मँचेस्टरच्या आसपासच्या वस्त्यांत हजारो गिरणी कामगार घरी बसले आणि अन्नछत्रांपुढे रांगा लागल्या. तिथला इतिहास या वर्षांना कापसाचा दुष्काळ म्हणूनच ओळखतो.

त्याच वर्षांत मुंबईत काय चाललं होतं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस पूर्वी कधी नव्हता अशा भावाने विकला जात होता. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बाजारात सोन्यासारखा चालत होता. बॅक बेमधला समुद्र हटवून जमीन काढायच्या कंपनीचे शेअर लोक डोळे मिटून घेत होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि अनेक घरं एका रात्रीत बसली. त्या पैशाची एक खूण आजही मुंबई विद्यापीठाच्या आवारात उभी आहे. प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला तो मनोरा त्यांच्या आईच्या नावाने राजाबाई टॉवर म्हणून ओळखला जातो.

आता मँचेस्टरच्या अँकोट्स भागातल्या मॅकॉनेल घराण्याकडे वळू. त्यांच्या गिरण्या बारीक सुतासाठी प्रसिद्ध होत्या, आणि बारीक सुताला लांब धाग्याचा कापूस लागतो. हिंदुस्थानातून जाणारा, तिकडे सरसकट 'सुरत' या नावाने ओळखला जाणारा कापूस आखूड धाग्याचा. त्याचं जाडंभरडं सूत निघे आणि चात्यांवर ते सारखं तुटे. मुंबईचं भाग्य उजळवणारा आपला कापूस मॅकॉनेलांच्या कामाचा नव्हता. नुसत्या सुतावर विसंबून राहणं धोक्याचं आहे हे दिसताच विल्यम मॅकॉनेल यांनी भांडवल दुसरीकडे वळवायचं ठरवलं. उत्तर वेल्समध्ये डॉलगेथ्लाय गावाजवळ त्यांचं घर होतं आणि तो मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. इंग्लंडची औद्योगिक शहरं झपाट्याने वाढत होती, नव्या घरांना छपरं हवी होती, आणि छपरांसाठी वेल्सचा पाटीचा दगड. अबरगुनोलविनच्या वर ब्रिन एग्ल्विस नावाची खाण आधीपासून होती, पण माल जनावरांच्या पाठीवरून खाली यायचा. मॅकॉनेल आणि त्यांच्या भागीदारांनी १८६४ मध्ये ती खाण घेतली आणि तिच्यासाठी रेल्वे बांधायला काढली.

अमेरिकेतल्या एकाच युद्धाने मुंबईला राजाबाई टॉवर दिला आणि वेल्सला टालिल्लिन रेल्वे.

५ जुलै १८६५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटने या रेल्वेचा कायदा मंजूर केला. वाफेच्या इंजिनाने प्रवासी नेण्याची परवानगी कायद्याने सुरुवातीपासून मिळालेली ही ब्रिटनमधली पहिली अरुंदमापी रेल्वे. इंजिनिअर होते जेम्स स्विंटन स्पूनर. मूळ बेत अबरडोवी बंदरापर्यंत जाण्याचा होता, पण तेवढ्यात किनाऱ्याने येणारी मोठी रेल्वे टाउइनपर्यंत पोहोचली आणि छोट्या गाडीने तिथेच थांबायचं ठरवलं.

कामात एक विलक्षण चूक झाली. १८६६ च्या सप्टेंबरमध्ये सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर लाईन पाहायला आले. रुळांवरून जाणाऱ्या पुलांच्या कमानी त्यांनी मोजल्या तेव्हा डब्याच्या दोन्ही बाजूंना उरणारी जागा दोन फूटही भरली नाही. नियमाने अडीच फूट हवी होती. दारातून कुणी डोकावलं तर प्राणाशी गाठ. सगळ्या कमानी पाडून पुन्हा बांधायच्या तर कंपनीचं दिवाळं निघालं असतं. मॅकॉनेलांनी तोड काढली: डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद करायची आणि पुलाखाली रूळ थोडे त्या बाजूला सरकवायचे, म्हणजे उघड्या दारांच्या बाजूला पुरेशी जागा उरेल. टायलरनी ते मान्य केलं. आजही या गाडीत एकाच बाजूने चढता-उतरता येतं आणि सगळे फलाटही त्याच बाजूला आहेत. इतकी मोठी चूक इतक्या साध्या उपायाने निस्तरल्याची उदाहरणं थोडी असतील.

व्हाइटहेवनच्या फ्लेचर, जेनिंग्ज कंपनीने दोन इंजिनं पाठवली. १८६४ च्या पहिल्याचं नाव 'टालिल्लिन', १८६६ च्या दुसऱ्याचं 'डोलगॉख'. डोलगॉख हे वाटेतलं धबधब्याचं ठिकाण, तिथे तीन कमानींचा ५१ फूट उंच पूल आहे. दोन्ही नावं ठिकाणांची. मधल्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वाऱ्याने डोलगॉखच्या अंगावर काही वर्षं 'प्रिटोरिया' अशी पाटी लागली होती. साम्राज्याचा तो उमाळा ओसरल्यावर इंजिन पुन्हा आपल्या धबधब्याच्या नावावर आलं, ते बरं झालं.

खाणीत भरभराटीच्या दिवसांत तीनशेच्या आसपास माणसं राबत होती. कंपनीने त्यांच्यासाठी अबरगुनोलविनला घरांच्या रांगा बांधल्या. रेल्वे गावाच्या बरीच वरून जात असल्यामुळे कोळसा आणि सामान दोराच्या उतारावरून खाली सोडलं जाई. पण ब्रिन एग्ल्विसने मॅकॉनेलांना हवा तेवढा पैसा कधी दिला नाही. दगडाचे चांगले थर तिरपे खोल जात होते, काढायचा खर्च वाढत होता आणि बाजार पडत होता. विसावं शतक उजाडलं तेव्हा खाण शेवटाला आली होती. १९११ मध्ये खाण, रेल्वे आणि गावातली घरं एका स्थानिक माणसाने विकत घेतली. त्याचं नाव हेन्री हेडन जोन्स.

हा माणूस मला या सबंध कहाणीत सर्वांत जवळचा वाटतो. टाउइनला त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. १९१० पासून १९४५ पर्यंत ते मेरिओनेथचे लिबरल खासदार होते. वेल्श चर्चमधल्या गायनाची त्यांना ओढ, त्यांनी स्तोत्रांचा एक संग्रहही प्रसिद्ध केला. पुढे 'सर' हा किताब मिळाला. रेल्वेत फायदा नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण खाण बंद पडली तर गावातल्या माणसांनी जायचं कुठे? आपण जिवंत आहोत तोवर गाडी चालेल, असा शब्द त्यांनी दिला, आणि तो जवळजवळ ४० वर्षं पाळला. दुरुस्तीला पैसा नव्हता. रूळ सुरुवातीचेच, झिजलेले. स्लीपर कुजून मातीत मिळालेले. लोक म्हणत, रुळांना जागेवर धरून ठेवलंय ते गवताने. एक इंजिन मोडून पडलेलं होतं आणि दुसरं, म्हातारं डोलगॉख, कसंबसं फेऱ्या मारत होतं. २६ डिसेंबर १९४६ रोजी खाणीचा एक भाग कोसळला आणि ती कायमची बंद झाली. ज्या दगडासाठी रेल्वे जन्मली तो दगडच संपला. तरीही उन्हाळ्यात आठवड्यातले मोजके दिवस गाडी सुटत राहिली, कारण शब्द दिलेला होता.

१ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनच्या रेल्वे सरकारजमा झाल्या. शेजारच्या दरीतली, नेमकी याच सव्वादोन फूट मापाची कॉरिस रेल्वे सरकारकडे गेली आणि त्याच वर्षी बंद झाली. टालिल्लिनचं नाव मात्र सरकारी यादीत नव्हतंच, आणि त्या विसरलेपणानेच ती वाचली. इथे मला आपल्या वऱ्हाडातली शकुंतला ही छोटी गाडी आठवते. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर ही तिची गावं. तीही कापसाचीच लेक: वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाईनीपर्यंत आणण्यासाठी ब्रिटिश भांडवलावर बांधलेली. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तेव्हा हिची मालकी किलिक निक्सनकडेच राहिली. नाव तिला लोकांनी प्रेमाने दिलं. प्रेम तिलाही उदंड मिळालं, पण वेळेवर धावून येणारी माणसं मिळाली नाहीत आणि त्या छोट्या रुळांवरची तिची धाव थांबली.

टालिल्लिनला ती माणसं मिळाली. त्यांतला पहिला होता टॉम रोल्ट. पेशाने इंजिनिअर, वृत्तीने लेखक. 'क्रेसी' नावाच्या होडीवर बायकोसह राहून इंग्लंडचे विसरले गेलेले कालवे पालथे घातले आणि १९४४ मध्ये त्यावर 'नॅरो बोट' हे पुस्तक लिहिलं. ते वाचून लोक कालवे वाचवायला पुढे आले. रोल्ट टाउइनला पहिल्यांदा आले त्या दिवशी गाडी बंद होती. ते रुळांवरून पायी चालत गेले आणि रेल्वेच्या प्रेमात पडले. बर्मिंगहॅमच्या वर्तमानपत्रात या गाडीची चर्चा निघाली तेव्हा त्यांनी पत्र लिहून सुचवलं की सरकारकडे दाद मागत बसण्यापेक्षा आपणच ती चालवायला घेऊ.

२ जुलै १९५० रोजी सर हेडन वारले. शब्द संपला होता. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला बर्मिंगहॅमच्या इम्पीरियल हॉटेलात सुमारे ७० माणसं जमली आणि संस्था काढायचं ठरलं. सगळा प्रश्न एका बाईंच्या निर्णयावर अडला होता. लेडी हेडन जोन्स यांनी रूळ भंगारात विकले असते तर कुणी दोष दिला नसता, कारण नवऱ्याने वर्षानुवर्षं त्यात पैसाच घातला होता. त्यांनी रेल्वेचे शेअर या अनोळखी हौशी माणसांच्या संस्थेकडे सोपवले. इतिहास रोल्टचं नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवं, पण त्या घरातून होकार आला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

१४ मे १९५१ रोजी, व्हिट सोमवारी, स्वयंसेवकांची पहिली गाडी वॉर्फवरून सुटली. माणसांनी मोबदल्याविना, हौसेखातर चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. ओढायला एकटं डोलगॉख, वय वर्षं ८५. दुसरं इंजिन हवंच होतं. तेव्हा कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं एका यार्डात गंजत उभी असल्याचं कळलं. माप तेच, सव्वादोन फूट. टालिल्लिनची इंजिनं क्रमांक १ आणि २, आणि कॉरिसच्या उरलेल्या इंजिनांचे क्रमांक नेमके ३ आणि ४. प्रत्येकी २५ पौंडांना ती मिळाली. आकडे खोडावे लागले नाहीत, फक्त नावं द्यावी लागली.

आणि इथे या रेल्वेच्या नावांची तऱ्हा बदलली. पहिल्या दोन इंजिनांवर ठिकाणं होती. तिसऱ्याचं नाव ठेवलं 'सर हेडन', चौथ्याचं 'एडवर्ड थॉमस'. थॉमस हे रेल्वेचे जुने व्यवस्थापक, पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी या दरीत नोकरी केली होती. पडत्या काळात ज्यांनी गाडी चालू ठेवली त्यांचं ऋण असं लोखंडावर कोरलं गेलं. 'सर हेडन'ने सुरुवातीला घोळच घातला. कुजलेल्या स्लीपरांमुळे रूळ मापाबाहेर फाकले होते, त्याच्या चाकांचा पट्टा अरुंद, आणि ते चक्क रुळांच्या मधे खाली उतरायचं. 'एडवर्ड थॉमस'ला लीड्सच्या हन्सलेट कंपनीने पैसे न घेता दुरुस्त करून दिलं. कंपनीचे एक संचालकच संस्थेचे सभासद होते.

त्या वर्षांत गार्डचं काम करायला येणाऱ्या स्वयंसेवकांत एक पाद्री होते, रेव्हरंड ऑड्री. 'थॉमस' या निळ्या इंजिनाच्या गोष्टींमुळे आज घराघरांतली मुलं त्यांना ओळखतात. एकदा त्यांनी गाडी सोडली आणि अबरगुनोलविनला चहा-फराळ विकणाऱ्या बाई फलाटावरच राहिल्या. ती फजिती पुढे त्यांच्या गोष्टीत आली. त्यांच्या पुस्तकांतला 'स्कार्लोई' म्हणजे टालिल्लिन, 'ऱ्हेनियस' म्हणजे डोलगॉख, 'सर हँडल' हे सर हेडन आणि 'पीटर सॅम' हे एडवर्ड थॉमस. 'सर हँडल' रुळांमधे पडतो तेव्हा हसणाऱ्या मुलांना कुठून ठाऊक असणार की असं एका दरीत खरंच घडलं होतं! १९५३ चा 'द टिटफील्ड थंडरबोल्ट' हा गावकऱ्यांनी आपली रेल्वे वाचवल्याचा विनोदी सिनेमाही याच धडपडीवरून सुचलेला.

पुढची वर्षं खरं तर सर्वांत कष्टाची: सुट्टीच्या दिवसांत येऊन चिखलात उभं राहणं, स्लीपर बदलणं, खडी भरणं. कारकून, शिक्षक, विद्यार्थी अशी माणसं ते करत होती. मोडकं 'टालिल्लिन' १९५८ मध्ये दुरुस्त होऊन परतलं. खाणीचे डबे जिथून दोराने येत त्या वरच्या टप्प्यावरून १९७६ मध्ये प्रवासी गाडी नान्ट ग्वेर्नॉलपर्यंत जाऊ लागली. रेल्वे तळ्याच्या किंचित जवळ सरकली, इतकंच. १९७४ मध्ये रोल्ट गेले. आयर्लंडमध्ये दलदलीतलं जळण वाहून नेण्यासाठी बनलेलं एक इंजिन टाउइनच्या कार्यशाळेत जवळजवळ नव्याने घडवलं गेलं. १९९१ मध्ये ते क्रमांक ७ म्हणून रुळांवर आलं, आणि त्याचं नाव 'टॉम रोल्ट'. २०२१ मध्ये वायव्य वेल्सच्या पाटी-दगडाच्या प्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा मानलं. त्यात ब्रिन एग्ल्विसची खाण, अबरगुनोलविन गाव आणि ही रेल्वे आहे. पहिली दोन्ही इंजिनं आणि १८६०च्या दशकातले मूळचे प्रवासी डबे अजून धावतात.

या लाईनीवर इंजिन वळवायची सोय नाही. टाउइनहून निघताना इंजिनाचं तोंड दरीकडे असतं. नान्ट ग्वेर्नॉलला ते सुटं होतं, शेजारच्या रुळावरून मागे येतं, गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडलं जातं आणि उलट पावली समुद्राकडे उतरू लागतं. 'टालिल्लिन' हे नाव पितळी पाटीवर वागवणारं १८६४ चं ते इंजिन असं दिवसातून कितीतरी वेळा जातं-येतं. चढताना त्याचं तोंड तळ्याच्या दिशेला असतं, आणि परत उतरतानाही तिकडेच.